आयकॉन ऑफ द सीजवर जेवायचं कुठे? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-302: नमस्कार मंडळी. मे महिन्यात मायामीहून आयकॉन ऑफ द सीज ठरलंय, म्हणजे रॉयल कॅरिबियन कंपनीचं क्रूझ जहाज, 7 रात्री. आम्ही 9 जण, तीन खोल्या. सासू-सासरे शाकाहारी, त्यात सासूबाईंना कांदा-लसूण नको. सासऱ्यांना मधुमेह. पुतण्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. बाकीचे सगळं खातात. ॲपवर अनलिमिटेड डायनिंग पॅकेजची (एकदाच पैसे भरा, जादा पैशांच्या रेस्टॉरंटांत कितीदाही जेवा) जाहिरात सारखी समोर येतेय. घेऊन टाकावं का?

बी-603: ताई, आधी थांबा. तिकिटात काय काय येतं ते बघा, मग पॅकेज. जहाज जानेवारी 2024 पासून चालू आहे, 20 मजली, आणि खाण्याच्या जागा 20 हून जास्त. त्यातल्या बऱ्याच तिकिटात धरलेल्या आहेत:
मेन डायनिंग रूम (मजला 3, 4, 5, टेबलावर वाढतात), विंडजॅमर हा मोठा बुफे, सर्फसाइड ईटरी हा लहान मुलांच्या विभागातला बुफे, त्याच्याच जवळ सर्फसाइड बाइट्सची खिडकी, ॲक्वाडोम मार्केट (पाच काउंटर), पार्क कॅफे, एल लोको फ्रेश (मेक्सिकन), सोरेंटोज (पिझ्झा), पर्ल कॅफे, आणि स्प्रिंकल्सचं सॉफ्टी आइस्क्रीम.
पैसे लागतात ते इथे: चॉप्स ग्रिल, जिओव्हानीज (इटालियन), हुक्ड, इझुमी (जपानी), एम्पायर सपर क्लब, प्लेमेकर्स, पियर 7, डेझर्टेड, स्टारबक्स.

बी-603: बिल लावणाऱ्या जागांवर खाण्याच्या किमतीवर वर 18 टक्के टिप लागते. मेनूत ती दिसत नाही, बिलात दिसते.

डी-205: आणि रोजची टिप वेगळी. नोव्हेंबर 2024 पासून साध्या खोलीला माणशी रोज साडेअठरा डॉलर, स्वीटला 21. लहान मुलांनाही तेवढीच. 9 जणांचे 7 दिवसांचे साडेअकराशे डॉलरच्या वर जातात. जेवणाचं बजेट मांडताना हे आधी बाजूला काढा. निघण्याआधी एकदा ताजा दर तपासा.

ए-302: अरे बापरे, हे धरलंच नव्हतं. मग पॅकेज नकोच का?

सी-704: तुमच्या घरात नको, असं माझं स्पष्ट मत. कारण सांगतो. पॅकेज वसूल होतं ते स्टेक आणि सीफूड खाणाऱ्यांना. चॉप्स म्हणजे स्टेकचं दुकान, हुक्ड म्हणजे ऑयस्टर-लॉबस्टरचं. तिथे शाकाहारी माणसाला सॅलड, बटाटा आणि एखादा पास्ता, पण माणशी दर तोच. सासू-सासऱ्यांसाठी ते पैसे पाण्यात. जे खातात त्यांनी एक रात्र चॉप्स किंवा इझुमीचा तवा घ्यावा, सुटं बुकिंग करावं. सगळ्यांनी मिळून जायचंच असेल तर जिओव्हानीज: पास्ता, वांग्याचा पार्मेजान (चीजचं विचारून), पिझ्झा असे शाकाहारी पदार्थ पुरेसे आहेत. समुद्रातल्या दिवशी दुपारी दर कमी असतो, पदार्थ बरेचसे तेच.

सी-704: एम्पायर सपर क्लब म्हणजे 1930 च्या न्यूयॉर्कचा थाट, आठ पदार्थांचं जेवण, प्रत्येकासोबत वेगळं कॉकटेल आणि बाजूला जॅझ. सुरुवातीला माणशी 200 डॉलर होते. अनलिमिटेड पॅकेजमध्ये हे धरलेलं नाही, हा गैरसमज फार आहे. दारू न पिणाऱ्याने तिथे जायचं काही कारण नाही.

बी-603: दर बदलते असतात हेही लक्षात ठेवा. आज ॲपवर एक, पुढच्या महिन्यात दुसरा. म्हणून जे हवंय ते आत्ता बुक करायचं, आठ-पंधरा दिवसांनी पाहायचं, उतरला असेल तर जुनं रद्द करून नवं घ्यायचं. प्रवासाआधी रद्द केलं तर पैसे परत येतात, फक्त शेवटची तारीख वाचून ठेवा. जहाजावर चढल्यावर बहुधा भाव जास्तच असतो.

ए-302: आणि मेन डायनिंग रूममध्ये वेळ कशी निवडायची? दोन पर्याय दिसतायत.

बी-603: एक ठरलेल्या वेळेची पंगत, रोज तेच टेबल, तेच वाढपी. दुसरी "माय टाइम", रोज हवी ती वेळ. तुमच्यासाठी ठरलेली वेळच घ्या, दुसरा विचारसुद्धा करू नका. सासूबाईंचं पथ्य आणि पुतण्याची ॲलर्जी रोज नव्या माणसाला समजावत बसावं लागणार नाही. दुसऱ्या रात्रीपासून वाढप्याला सगळं पाठ असतं. 9 जणांचं टेबलही ठरलेल्या पंगतीतच नीट मिळतं.

सी-704: आणि लवकरची पंगत घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन जेवणाच्या वेळेला बांधलेलं असतं. उशिराच्या पंगतीत गोड येईपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. जेवणाला दीड तास धरा. बर्फावरचा आणि ॲक्वाडोममधला शो ॲपवर आधी बुक करावा लागतो, तो पंगतीच्या सुरुवातीपासून दोन तासांनंतरचा घ्या, नाहीतर मुख्य पदार्थ ताटात आणि घरचे उठलेले.

सी-102: मी जैन आहे म्हणून सांगते. फॉर्मवर नुसतं "जैन" लिहू नका, "शाकाहारी" तर अजिबात पुरत नाही. परदेशी स्वयंपाकघरात शाकाहारीत अंडं चालतं असंच धरतात. नकोत ती नावं एक एक करून लिहा: कांदा, लसूण, पात, लीक, शॅलट, चाइव्ह (ही सगळी कांद्याचीच भावंडं), आणि जैन असाल तर बटाटा, गाजर, बीट, मुळा, आलं. लीक आणि शॅलट विसरू नका, कारण "कांदा नाही" म्हटल्यावर आचारी प्रामाणिकपणे तेच घालतो.

ए-302: भाभी, हे सोनं आहे. कुठे लिहायचं पण?

बी-603: तीन ठिकाणी. एक, बुकिंग करतानाच एजंटकडून आहाराची नोंद. दोन, प्रवासाच्या दोन महिने आधी कंपनीच्या विशेष गरजांच्या विभागाला ईमेल, त्यात बुकिंग क्रमांक, खोलीतल्या कोणाला काय, ही यादी. उत्तर आलं की छापून जवळ ठेवा. तीन, पहिल्याच दिवशी दुपारी मेन डायनिंगमध्ये जाऊन हेड वेटरला भेटायचं. पंगत बसल्यावर नाही, आधी. तिन्हीपैकी तिसरं सगळ्यात महत्त्वाचं.

सी-704: तिसरं का महत्त्वाचं ते सांगतो. मोठ्या गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) सूप, सॉस, करी यांचा पाया सकाळीच शंभर-दीडशे लिटरच्या वाफेच्या किटलीत पडतो, आणि त्यात कांदा-लसूण असतोच. संध्याकाळी सहाला "बिनकांद्याचं द्या" म्हटलं तर आचाऱ्याच्या हातात उकडलेली भाजी आणि कोरडा भात एवढंच उरतं. आदल्या रात्री सांगितलं तर वेगळ्या छोट्या पातेल्यात डाळ, पनीर, भाजी करता येते. म्हणून रोज रात्री उठण्याआधी हेड वेटर दुसऱ्या दिवशीचा मेनू दाखवेल, त्यावर खूण करून द्यायची. भारतीय जेवण मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं, मेनूत छापलेलं नसलं तरी. आपल्याकडचे, गोव्याचे, कोकणातले किती तरी लोक जहाजांच्या गॅलीत असतात. त्यांना पथ्य समजतं, फक्त वेळ द्या.

सी-704: आता छुपं मांसाहारी. हे पाठ करा:
सूप बहुधा चिकनच्या किंवा हाडांच्या स्टॉकवर. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा, वूस्टर सॉसमध्येही तोच. थाई करीच्या वाटणात सुकी कोळंबी, वरून फिश सॉस. जपानी मिसो सूपचा पाया सुक्या माशाचा. मेक्सिकन बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, विचारा. मूस, पन्ना कोटा, न भाजलेलं चीजकेक, मार्शमेलो यांत जिलेटिन, ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं. खऱ्या पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं). आणि फ्रेंच फ्राइज: बटाटा शाकाहारी, पण तेल चिकन नगेट्सचंच असू शकतं. इझुमीच्या हिबाचीत (समोर तव्यावर परतून देतात) तवा एकच, तुमच्या भाज्यांशेजारी कोळंबी परतली जाते.

ए-302: पार्मेजानचं माहीत नव्हतं.

सी-102: व्हेगन मेनू मागा. मेन डायनिंगमध्ये असतो. अंडं, जिलेटिन, रेनेट, फिश सॉस हे सगळे प्रश्न एका शब्दात सुटतात, उरतो फक्त कांदा-लसूण. दूध-दही वेगळं मागून घ्यायचं.

डी-205: शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी बुफेच टाळा, हे कळकळीने सांगते. पदार्थात काय आहे हा मुद्दाच नाही, एका भांड्यातला डाव कोणी तरी दुसऱ्यात घालतं, तो धोका आहे. लहान मुलाला सकाळचा नाश्तासुद्धा मेन डायनिंगमध्ये द्या. बुफेत जावंच लागलं तर तिथल्या शेफला बोलवून मागून ताजं ताट आणवा, ते आणून देतात. आइस्क्रीमवर टाकायच्या चुऱ्यापासून आणि कुकीजपासून लांब ठेवा. एपिनेफ्रिनचं इंजेक्शन (ॲलर्जीच्या झटक्यावरचं) खोलीत नाही, खांद्याच्या पिशवीत, दोन नग. जहाजावर चढताना मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातो आणि त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते.

ए-302: लिहून घेतलं. पहिल्या दिवशी दुपारचं जेवण?

बी-603: 99 टक्के लोक थेट विंडजॅमरला जातात, 15 व्या मजल्यावर. प्रत्येकाच्या हातात पिशव्या, बसायला जागा नाही. तुम्ही उलट करा. सेंट्रल पार्कमधला पार्क कॅफे, मजला 8: सॅलड, रॅप, सूप. किंवा ॲक्वाडोम मार्केट: क्रेप, मॅक अँड चीज, भूमध्य पद्धतीचं, नूडल्स वगैरे. मुलं असतील तर सर्फसाइड ईटरी, मजला 7, गर्दीही कमी आणि शेजारीच खेळायला जागा. खाऊन झालं की लगेच हेड वेटर.

सी-704: विंडजॅमर वाईट नाही हं. भारतीय करी, भात, डाळ बऱ्याचदा तिथेच मिळते. फक्त वेळ साधा. बुफेत पहिल्या अर्ध्या तासात जा. अमेरिकेत जहाजांवर सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची स्वच्छता तपासणी असते, 100 पैकी गुण, 85 किंवा कमी म्हणजे नापास. नियमाप्रमाणे गरम पदार्थ 57 अंशांच्या वर आणि थंड 5 अंशांच्या खाली ठेवावा लागतो. तरी शेवटच्या तासात भाताचा वरचा थर कोरडा आणि भाजी मऊ झालेली असते.

सी-704: आणि हात साबणाने धुवायचे, 20 सेकंद. दारातला सॅनिटायझर नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाबांचा विषाणू) फारसा चालत नाही. जहाजावर पोट बिघडतं ते बहुधा जेवणाने नाही, बुफेतल्या, सगळ्यांनी धरलेल्या चिमट्याच्या दांड्याने.

ए-302: घरचं काही नेता येईल का? सासूबाईंची एकादशी येते मधे.

सी-102: घरी केलेलं, नाशवंत काहीही जहाजावर चालत नाही. कारखान्यात बंद केलेलं पाकीट चालतं: चिक्की, राजगिरा वडी, बाकरवडी. पुतण्याजवळ शेंगदाण्याची चिक्की मात्र उघडू नका, तिळाची न्या. अमेरिकेच्या विमानतळावर सगळं खाणं जाहीर करायचं, लपवायचं नाही. भारतातून तांदूळ नेऊच नका, तो अडवतात. इलेक्ट्रिक किटली, छोटा कुकर जहाजावर चढतानाच काढून घेतात.
एकादशीला फळं, दूध, दही, भाजलेला बटाटा. बटाटा सालासकट, "लोणी-मीठ वेगळं" असं सांगा, नाहीतर वर चाइव्ह भुरभुरवून येतो.

डी-205: सासऱ्यांसाठी: मेन डायनिंगमध्ये रोज एक बिनसाखरेचं गोड असतं, मागावं लागतं. इन्सुलिनसाठी खोलीतल्या छोट्या फ्रिजवर भरवसा ठेवू नका, तो नुसता गारवा देतो. वैद्यकीय फ्रिज पाहिजे असं आधीच्या ईमेलमध्येच लिहा. रात्री साखर उतरली तर सोरेंटोज उशिरापर्यंत उघडं असतं, पण खोलीत बिस्किटं आणि ज्यूस ठेवाच. रूम सर्व्हिसला ऑर्डरमागे सुमारे 8 डॉलर आणि वर 18 टक्के. सकाळचा साधा नाश्ता तेवढा त्यातून वगळलाय.

ए-302: पेयं?

बी-603: पाणी, लिंबूपाणी, आइस टी, साधा चहा-कॉफी, दूध तिकिटात. कोल्ड्रिंकला पैसे. स्टारबक्स मोठ्या दारूच्या पॅकेजमध्येही येत नाही. चहा आपल्याला पाणचट लागेल: दोन पिशव्या, गरम दूध वेगळं मागायचं.

बी-603: कोकोके या कंपनीच्या खासगी बेटावरचा दिवस राहिला. चिल ग्रिल, स्किपर्स ग्रिल, स्नॅक शॅक तिकिटात. चिल ग्रिलच्या टाको काउंटरवर बीन्स, भात, भाज्या घेऊन शाकाहारी ताट जमतं, बीन्सचं विचारून. कॅप्टन जॅक्सला पैसे लागतात. इतर बंदरांवर उतरताना जहाजावरची फळं, सँडविच पिशवीत घेऊ नका, तिथल्या शेतीच्या नियमांत ते अडवतात.

ए-302: शेवटचा प्रश्न. तीन खोल्या, तीन बुकिंग क्रमांक. टेबल एकच मिळेल ना?

बी-603: आपोआप नाही. कंपनीला किंवा एजंटला फोन करून तिन्ही क्रमांक एकमेकांशी जोडायला सांगा, आणि तिन्हींवर पंगत एकच आहे ना, ते ॲपमध्ये स्वतः बघा. एकावर जरी "माय टाइम" राहिलं तरी टेबल फुटतं. लवकरची पंगत भरली असेल तर प्रतीक्षा यादीत नाव, आणि चढल्याबरोबर हेड वेटरकडे. पहिल्या दिवशी बरीच टेबलं हलतात.

ए-302: उद्या सकाळीच फोन करते. कांद्या-लसणाची इंग्रजी यादी आज रात्री टाकते इथे. भाभी, एकदा नजर घालाल?

सी-102: टाका. स्कॅलियन (कांद्याची पात) आणि ओनियन पावडर, गार्लिक पावडरही लिहा. फ्राइजच्या मसाल्यात तीच असते.