रिमॅप केलेल्या व्ही-क्रॉसमध्ये नवी फाइल टाकावी का?

नमस्कार. माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस ही डिझेल पिकअप आहे (बीएस-6, 1.9 लिटर, मॅन्युअल, कंपनीचे आकडे 163 पीएस शक्ती आणि 360 एनएम टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर). दोन वर्षांपूर्वी तिचे स्टेज 1 रिमॅप करून घेतले (म्हणजे सुटे भाग न बदलता फक्त इंजिनच्या संगणकातील सॉफ्टवेअरची फाइल बदलून ताकद वाढवली). सातारा ते शिरवळ असे रोज जाणे-येणे असते. गेल्या महिन्यातील सर्व्हिसिंगपासून परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट चढताना पूर्वी चौथ्या गिअरमध्ये सहज निघणारी गाडी आता तिसरा मागते, शिवाय डीपीएफचे (धुरातील काजळी अडवणाऱ्या गाळणीचे) रिजनरेशनही, म्हणजे साठलेली काजळी जाळून साफ होणेही, वरचेवर होऊ लागले आहे. सर्व्हिसिंगमध्ये रिमॅप पुसला गेला असावा, असे रिमॅप करणाऱ्या ट्यूनरचे म्हणणे असून तो नवी, अधिक टॉर्कची फाइल सुचवतो आहे. ती टाकावी का?

घाटवाट: फाइलला हात लावण्यापूर्वी ओबीडी पोर्टला (गाडीतील तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर जोडून त्याच चढावर इंजिनच्या संगणकाने मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष बूस्ट यांची नोंद घ्या. दोन्ही आकडे जुळत असतील आणि रिमॅपनंतरच्या नोंदींपेक्षा कमी असतील, तर फाइल खरोखरच गेली आहे. मागणी पूर्वीइतकीच असून प्रत्यक्ष दाब कमी पडत असेल, तर हवा कुठेतरी गळते आहे, आणि मला हीच शक्यता जास्त वाटते. हवा कमी पडली की काजळी वाढते. जुन्या डिझेल गाड्यांत ती मागे काळ्या धुराच्या रूपाने दिसायची, आता डीपीएफ ती गिळतो आणि त्याला वारंवार स्वतःला जाळून साफ करावे लागते.

डिझेलवेडा: सहमत. क्लचही तपासा: वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पॅडल पूर्ण दाबल्यावर आरपीएम चढले आणि वेग जागीच राहिला, तर क्लच घसरतो आहे; त्यावर आणखी टॉर्क लादणे म्हणजे दुखण्यावर डाग देणे. सर्व्हिसिंगमध्ये ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) सॉफ्टवेअर खरोखर बदलले असेल, तर जुनी फाइल तशीच परत टाकू नका. नव्या आवृत्तीवरच बदल करून घ्या, मूळ फाइलची प्रत स्वतःकडे ठेवा आणि फाइल चढवताना बॅटरीला चार्जर जोडलेला असू द्या, कारण मध्येच व्होल्टेज पडल्यास ईसीयू निकामी होऊ शकतो. कोणी डीपीएफ बंद करण्याचे सुचवले तर तिथून सरळ गाडी काढा. रिमॅपची माहिती विमा कंपनीला दिली आहे ना? (बहुतेकांनी दिलेली नसते.)

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. मागणी पूर्वीचीच निघाली, प्रत्यक्ष बूस्ट मात्र बराच खाली होता. इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपाचा क्लॅम्प सैल राहिला होता आणि जोडाखाली काळसर, तेलकट डाग पडला होता. क्लॅम्प आवळल्यावर काल घाट चौथ्यातच चढलो. रिजनरेशनचे अंतर आठवडाभर पाहतो. नव्या फाइलचा विचार तूर्त सोडला आहे.