रामापिथेकस, ल्यूसी आणि दहावीचा वर्ग: मानवी उत्क्रांती कशी शिकवावी?

प्रश्न: विज्ञान शिक्षिका

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठातील मानवी उत्क्रांतीचा भाग वेळेअभावी घाईने उरकावा लागतो आणि वाकून चालणारे माकड हळूहळू ताठ होत माणूस बनते, एवढे एकच चित्र मुलांच्या मनात उरते. त्यातून ‘मग आताची माकडे माणूस का होत नाहीत?’ हा प्रश्न येतोच. शिवाय मुलांकडील प्रश्नसंचांत रामापिथेकसला पहिला मानवसदृश प्राणी म्हटलेले असते, तर अलीकडच्या संशोधनपर लेखनात मानवाच्या पूर्वजांमध्ये त्याचे नाव आढळत नाही. परीक्षेचे नुकसान न करता हा भाग काटेकोरपणे कसा शिकवावा?

उत्तर: शिवालिक

मॅडम, रामापिथेकस वगळू नका. उलट तासिकेची सुरुवातच त्याच्यापासून करा, कारण विज्ञान आपले मत कसे बदलते याचे इतके चांगले उदाहरण, तेही भारतीय भूमीतले, दुसरे क्वचितच सापडेल. १९३२ मध्ये जी. एडवर्ड लुइस यांना आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगरजवळ, शिवालिकच्या खडकांत, वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी दातांच्या ठेवणीवरून तो मानवाच्या शाखेतला असल्याचे प्रतिपादन केले. मात्र तुकडा अपुरा असल्यामुळे जबड्याच्या कमानीचा आकार बराचसा अनुमानाने ठरवावा लागला होता.

पहिला धक्का जीवाश्मांनी नव्हे, तर रक्तातील प्रथिनांनी दिला. १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी अल्ब्युमिनची तुलना करून मानव आणि आफ्रिकी कपी यांच्या शाखा सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असा हिशेब मांडला. रामापिथेकस त्याहून कितीतरी जुना असल्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नव्हते, आणि कित्येक पुराजीवशास्त्रज्ञांनी तेव्हा हा हिशेबच अमान्य केला. पुढे पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवापिथेकस या नामशेष कपीचा बराचसा पूर्ण चेहरा सापडला. १९८२ मध्ये पिलबीम यांनीच त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो चेहरा ओरांगउटानच्या चेहऱ्याशी जुळत होता. रामापिथेकस आज शिवापिथेकसमध्येच गणला जातो, म्हणजे तो ओरांगउटानच्या बाजूचा ठरतो. ज्यांनी दावा केला त्यांच्यापैकीच एकाने पुरावा पाहून तो सोडला, हे मुलांना अवश्य सांगावे.

उत्तर: जीवशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु नुसत्या कथेने सरळ रेषेचे चित्र पुसले जाणार नाही. त्यासाठी वर्गात सात मीटर लांबीची सुतळी बांधावी आणि एक टोक ‘आज’ मानून त्यापासून मागे एक मीटर म्हणजे १० लाख वर्षे असे प्रमाण धरावे. ल्यूसी (इथिओपियातील हाडार येथे १९७४ मध्ये सापडलेला मानवपूर्वज मादीचा सांगाडा) ३.२ मीटरवर येते, टांझानियातील लेटोली येथील पाऊलखुणा त्याहूनही मागे, सुमारे ३.६६ मीटरवर. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील मानवाचे अवशेष ३० सेंटिमीटरवर येतात आणि शेतीचा सगळा इतिहास शेवटच्या सव्वा सेंटिमीटरमध्ये मावतो.

त्यानंतर त्याच शेवटच्या ३० सेंटिमीटरमध्ये निअँडरथल, दक्षिण आफ्रिकेतील होमो नालेदी आणि इंडोनेशियातील होमो फ्लोरेसिएन्सिस यांच्या चिठ्ठ्या मुलांनाच लावू द्याव्यात. एकाच काळात इतके मानव नांदत होते हे डोळ्यांना दिसले, की रांगेचे चित्र आपोआप मोडते. माकडांच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते: चिंपांझी आपला आजोबा नसून चुलत भावंड आहे, आणि दोघांचा समान पूर्वज आज अस्तित्वात नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी अधिक वेळ देईन. ल्यूसी दोन पायांवर चालत असे, पण तिच्या जातीचा मेंदू चिंपांझीच्या मेंदूपेक्षा फारसा मोठा नव्हता. म्हणजे आधी चाल बदलली, मेंदू कितीतरी नंतर वाढला. इंग्लंडमध्ये १९१२ साली पुढे आणलेली पिल्टडाउनची बनावट कवटी नेमकी उलट अपेक्षेला, म्हणजे मोठा मेंदू आणि वानराचा जबडा या कल्पनेला, धरून घडवलेली होती. ती लबाडी उघड व्हायला १९५३ साल उजाडले. दरम्यान रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दक्षिण आफ्रिकेतील टाउंगच्या बालकाच्या कवटीकडे, मज्जारज्जूचे छिद्र खालच्या बाजूस (म्हणजे दोन पायांवर चालण्याची खूण) असूनही, बराच काळ संशयाने पाहिले गेले.

उत्तर: माजी परीक्षक

परीक्षेत पुस्तकातील क्रम विचारला तर तो तसाच लिहावा, असे मुलांना स्पष्ट सांगावे. वहीत मात्र रामापिथेकससमोर आजचे मत वेगळ्या शाईने लिहून ठेवावे.

विज्ञान शिक्षिका

सर्वांचे आभार. सुतळीचा प्रयोग पुढच्याच आठवड्यात करते. महाराष्ट्रातील किंवा जवळपासचा एखादा पुरावा दाखवता येईल का?

उत्तर: शिवालिक

कवटीसाठी मध्य प्रदेशापर्यंत जावे लागेल: नर्मदाकाठच्या हथनोरा येथे १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनाकिया यांना ती मिळाली. प्रथम ती होमो इरेक्टसची मानली गेली, नंतर अनेकांनी तिला अधिक अलीकडच्या पुरामानवांत ठेवले. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील बोरी येथे कुकडी नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि दगडी हत्यारे आढळली आहेत. ही राख सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, असे काही संशोधक मानतात; इतर कालमापनांनुसार ती कित्येक लाख वर्षे जुनी ठरते. सुतळीवर बोरीची चिठ्ठी कुठे लावायची, यावर दोन गट पाडून वाद घालायला लावा.