शब्दचर्चा : साउंडिंग रॉकेटचं 'उड्डाण नियंत्रण' मराठीत कसं लिहावं?

शेंगाचटणी
सोलापुरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक लिहून देतेय. विषय साउंडिंग रॉकेट. मुलांनी ॲपमधून भाषांतर काढून आणलं, त्यात मथळाच 'ध्वनी रॉकेटचे वृत्ती नियंत्रण' असा आलाय. वाचणाऱ्याला वाटायचं रॉकेटला शिस्त लावायचा वर्ग आहे. 'ध्वनी' खोडलाय, पण त्याच्या जागी काय लिहू? आणि 'फ्लाइट कंट्रोल'साठी 'उड्डाण नियंत्रण' एवढं पुरेल का?

पार्क चौक
ताई, हा 'साउंड' आवाजाचा नव्हेच. फ्रेंचमधल्या खोली मोजण्याच्या क्रियापदावरून आलेला दर्यावर्दी शब्द आहे. दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्यात सोडायचा आणि तळ किती खोल ते बघायचं. आपल्याकडे याला तयार शब्द आहे, ठाव घेणे. हे रॉकेट हवेचा ठाव घेतं, फक्त वरच्या दिशेनं.

फुगे साधारण ३०-४० किलोमीटरपर्यंत जातात, आणि उपग्रह फार खाली टिकत नाहीत. मधल्या पट्ट्यात प्रत्यक्ष जाऊन मोजमाप करणारं वाहन हेच. २१ नोव्हेंबर १९६३ला केरळातल्या थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट, अमेरिकन नाइकी-अपाची, याच जातीचं. त्यातून सोडियमची वाफ सोडली होती, तिचा ढग कसा पसरतो यावरून वरचे वारे कळतात.

हिंदीत 'परिज्ञापी रॉकेट' लिहितात. अर्थाला बरोबर आहे, पण फलकासमोर उभ्या राहिलेल्या सातवीतल्या पोरानं तो शब्द कुठून ओळखायचा?

कडक भाकरी
मग 'ठावबाण' म्हणा की बे, एवढा विचार कशाला करूलालाव?

पार्क चौक
शब्द झकास आहे, पण उद्या मुलं पुस्तकात शोधतील तर 'साउंडिंग रॉकेट'च सापडेल. तेच ठेवा, कंसात 'हवेचा ठाव घेणारं' लिहा.

चाटी गल्ली
'उड्डाण नियंत्रण' या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी गोम तिथं आहे. बहुतेक साउंडिंग रॉकेटांत उड्डाण चालू असताना कुणी काही नियंत्रण करतच नाही! आपलं इस्रोचं आरएच-२०० रॉकेट घ्या (आकडा व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). दोन टप्प्यांचं, ७० किलोमीटरच्या आसपास जाणारं. एकदा सुटलं की त्याला वळवायची सोय नाही.

मग ते सरळ कसं जातं? मागच्या पंखांमुळे. रॉकेटचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे राहील अशी रचना असते. नाक जरा बाजूला वळलं की हवाच शेपूट ढकलून त्याला पुन्हा रांगेत आणते. याला नियंत्रण म्हणू नका, हे स्थैर्य. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा क्षणोक्षणी पाय आणि कंबर हलवून तोल सावरतो, ते नियंत्रण. इथं सावरणारं कुणी नाही, घडणच तशी आहे.

पंख किंचित तिरके बसवलेले असतात, म्हणून रॉकेट वर जाताना स्वतःभोवती गिरक्या घेतं. इंजिनाचा जोर केसभर वाकडा लागला तरी गिरकीमुळे तो सगळ्या बाजूंना वाटला जातो. इथं 'परिभ्रमण' लिहू नका, ते ग्रहाचं सूर्याभोवती फिरणं. 'गिरकी' चांगला शब्द आहे, तोच लिहा.

शेंगाचटणी
मग माणसाच्या हातात काहीच नाही?

चाटी गल्ली
आहे, पण सुटायच्या आधी. मांडणीवरून (ज्या चौकटीवरून रॉकेट सोडतात ती) निघताना रॉकेटचा वेग कमी असतो, त्यामुळे जमिनीलगतचा वारा त्याला सगळ्यात जास्त छळतो. गंमत अशी की वारा त्याला आपल्याबरोबर नेत नाही. पंख शेपटीला असल्यामुळे शेपूट वाऱ्याबरोबर जाते, नाक वाऱ्याकडे वळतं आणि इंजिन त्याला वाऱ्याच्या उगमाकडेच रेटतं. भूगोलाच्या पुस्तकातला वातकुक्कुट आठवा. म्हणून आधी फुगे सोडून निरनिराळ्या उंचीवरचा वारा मोजतात, हिशेब करतात आणि मांडणीचा कोन व दिशा तेवढी बदलून ठेवतात. हे सगळं 'नेम' या दोन अक्षरांत बसतं.

पार्क चौक
जुन्या मराठीत याला 'शिस्त धरणे' म्हणायचे. शिस्त म्हणजे नेम, फारसीतून आलेला शब्द. तेव्हा ताई, तुमची शिस्तीची थट्टा अगदीच वाया गेली नाही.

कडक भाकरी
पण मी वाचलंय की काही रॉकेटं वळवतात.

चाटी गल्ली
बरोबर वाचलंय. थुंब्याला समोर समुद्र आहे, रॉकेट थोडं इकडेतिकडे पडलं तरी चालतं. अमेरिकेतल्या व्हाइट सँड्स या तळाला चहूकडे जमीन, ठरल्या हद्दीतच पडायला हवं. तिथं स्वीडनच्या साब कंपनीनं बनवलेली एस-१९ नावाची यंत्रणा वापरतात. नाकाजवळचे छोटे पंख हलवून ती पहिली साधारण १८ सेकंद रॉकेटची दिशा धरून ठेवते, मग थांबते. याला 'दिशानियंत्रण' खुशाल म्हणा. 'मार्गदर्शन' मात्र नको, आपल्याकडे ते दहावीनंतर मिळतं.

राहिली ॲपची 'वृत्ती'. हवा संपली की पंख निकामी. रॉकेटातली दुर्बीण ताऱ्याकडे वळवायची असेल तर आधी गिरकी मोडावी लागते. त्यासाठी दोऱ्यांना बांधलेली दोन वजनं उलगडत बाहेर जातात आणि सुटून पडतात, त्यांच्यासोबत गिरकीचा जोर जातो. मग दाबाखालच्या वायूच्या बारीक फवाऱ्यांनी नाक हवं तिकडे वळवतात. त्या नाकाच्या दिशेला इंग्रजीत जो शब्द आहे, 'ॲटिट्यूड', त्याचाच दुसरा अर्थ वृत्ती. शास्त्रीय लेखनात 'अभिमुखता' लिहा, मुलांसाठी 'रोख'.

कडक भाकरी
'रोख नियंत्रण' लिहिलं तर लोक बँकेचा फलक समजतील.

शेंगाचटणी
म्हणून 'रॉकेटचा रोख वळवणे' लिहितेय. मथळा 'साउंडिंग रॉकेट सरळ कसं जातं?' आणि खाली चार उपमथळे: सुटण्याआधी नेम, हवेत स्थैर्य आणि गिरकी, काही रॉकेटांत दिशानियंत्रण, हवेच्या वर रोख वळवणे. 'उड्डाण नियंत्रण' कुठेच नाही.

पार्क चौक
'अभिमुखता' कंसात तरी ठेवा. पुढे अभियांत्रिकीला गेलेल्याला उपयोगी पडेल.

शेंगाचटणी
जागा उरली तर. फलक चार फुटांचा आहे आणि अर्ध्यावर मुलांनी रॉकेटचं चित्र काढून ठेवलंय.