बंदराच्या चित्रातला सूर्य चिखलासारखा का दिसतो?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): तैलरंग शिकण्यासाठी मी क्लोद मोने यांच्या ल हाव्र बंदरावरील १८७२ सालच्या सूर्योदयाच्या चित्राची प्रतिकृती करत आहे. धुराड्यांचा करडा आणि सूर्याचा नारिंगी रंग एकमेकांत मिसळून मळकट होतात. माझे काय चुकत असावे?

उत्तर (निपाणी): आपण सूर्य आकाशापेक्षा उजळ करू पाहत असाव्यात. मूळ चित्र कृष्णधवल करून पाहिल्यास सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याची उजळता भोवतालच्या आकाशाइतकीच आहे. तो पेटून उठतो तो केवळ निळसर करड्याशेजारच्या नारिंगी छटेमुळे. म्हणून पांढरा मिसळू नका, आणि नारिंगी ठिपका भरल्या ब्रशने एकदाच ठेवून हात काढून घ्या.

उत्तर (खानापूर): खालचा थर टर्पेंटाइनने पातळ आणि वरचा जवसाच्या तेलाने अधिक स्निग्ध ठेवावा, अन्यथा पुढे भेगा पडतात. हे तेल उडून जात नाही, हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. आमच्याकडे आषाढातल्या दमट हवेत माझा पांढरा थर आठवडा उलटला तरी बोटाला चिकटत होता.

प्रश्नकर्ती: निपाणीकर, आभारी आहे. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला, तर माझा सूर्य पांढऱ्या टिकलीसारखा उठून दिसला. तेवढा भाग सुरीने खरवडून काढला आहे.