गायननबद्दलची माझी थिअरी आता सोडून द्यायची का?

टेनफॉरवर्ड:
बऱ्याच दिवसांपासून विचारायचं होतं, आज लिहितेच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन ही अंतराळातली मालिका मी तीनदा अख्खी पाहिलीय आणि तिन्ही वेळा जीव अडकला तो गायननमध्ये. वूपी गोल्डबर्ग हो, अंतराळजहाजावरच्या बारच्या काउंटरमागे उभी असते ती, मोठमोठ्या टोप्या घालणारी. १९८८ ला दुसऱ्या सीझनमध्ये ती आली आणि त्याच सीझनमध्ये १९८९ चा 'क्यू हू' हा एपिसोड आहे. त्यात क्यू, म्हणजे जवळजवळ सर्वशक्तिमान असा जीव, नेहमीसारखा जहाजाच्या कॅप्टनला, पिकार्डला छळायला येतो, कुणाला न घाबरणारा, चुटकीसरशी जहाज इकडचं तिकडे फेकणारा क्यू, आणि हिला बघितल्याबरोबर सावध होतो. म्हणतो की आमचा संबंध आला त्याला दोन शतकं झाली, आणि ही दिसते तशी नाहीये. ती काय करते तर दोन्ही हात वर करते, बोटं वाकवून, मांजरीने पंजा उगारावा तशी. संपलं. मालिका १९९४ पर्यंत चालली पण त्या दोन शतकांपूर्वी नेमकं काय झालं होतं ते कुणीही सांगितलं नाही.

मग मी स्वतःच ठरवलं काय झालं असेल ते.

पहिल्या सीझनमध्ये क्यू रायकरला, पिकार्डच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला, आपली शक्ती देऊ करतो, आठवतंय ना? रायकर ती घेतो आणि पिकार्डला शब्द देतो की वापरणार नाही, आणि मग एक लहान मुलगी मेलेली सापडते आणि तो तिला जिवंत करू शकत असूनही करत नाही, कारण शब्द दिलाय. शेवटी शक्ती परत करतो. तर माझी थिअरी अशी की हीच ऑफर क्यूने आधी गायननला दिली होती आणि तिने घ्यायलाच नकार दिला. क्यूला नाही म्हणणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं म्हणून तो तिला बिचकतो. आणि आता खरी गोष्ट. त्याच एपिसोडमध्ये ती सांगते की शंभर वर्षांपूर्वी बोर्ग, म्हणजे अर्धे यंत्र असलेले आक्रमक, तिच्या लोकांवर चालून आले, शहरं उद्ध्वस्त केली, उरलेले लोक सगळीकडे विखुरले. म्हणजे नकार आधी, बोर्ग नंतर! तिच्या हातात ती शक्ती असती तर तिचं घर वाचलं असतं आणि हे तिला रोज माहीत आहे. तरी ती कडवट झाली नाही, बारमागे उभी राहून दुसऱ्यांचं ऐकत राहिली.

हे मला एवढं का लागतं तेही सांगते. मी एकदा एका मोठ्या संधीला नाही म्हटलं होतं, पूर्ण विचार करून, आणि दोन वर्षांनी घरात आजारपण आलं तेव्हा त्या पैशांची फार गरज होती. कुणी मला बोललं नाही पण मी स्वतःला खूप बोलले. त्या काळात मी रात्री हे एपिसोड लावायचे आणि गायननकडे बघून वाटायचं, हिला कळेल.

आता प्रॉब्लेम. 'पिकार्ड' या नंतरच्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये, २०२२ ला, तरुण गायनन सांगते की एल-ऑरियन लोक, म्हणजे तिची जमात, आणि क्यू लोक, म्हणजे क्यूची जमात, यांच्यात जुनं शीतयुद्ध होतं, मग तह झाला, आणि त्या तहाची आठवण म्हणून तिच्याकडे एक बाटली आहे. म्हणजे भांडण दोन जमातींचं, तिचं स्वतःचं काहीच नाही. ते बघून मला जे वाटलं ते नीट सांगता येत नाही, कुणीतरी घरात येऊन सामान हलवून गेल्यासारखं. तुम्ही काय करता अशा वेळी? थिअरी टाकून देता की मनात तशीच ठेवता?

जुनीकॅसेट:
ताई, टाकू नका. थिअरी काय असते ते मी क्लिंगॉनांच्या, म्हणजे स्टार ट्रेकमधल्या एका लढाऊ परग्रही जमातीच्या, कपाळांवरून शिकलोय.

साठच्या दशकातल्या मूळ मालिकेत क्लिंगॉनांची कपाळं तुमच्या आमच्यासारखी सपाट. १९७९ च्या सिनेमात एकदम हाडांच्या उंचवट्यांची. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, आधी मेकअपला पैसा नव्हता, मग आला. पण ते कारण आपल्या जगातलं, त्यांच्या जगातलं नाही, म्हणून लोकांनी थिअऱ्या केल्या. कुणी म्हणायचं दोन वेगळे वंश, कुणी म्हणायचं माणसांमध्ये हेरगिरी करायला मुद्दाम तसे बनवलेले. माझी अशी होती की सपाट कपाळाचे म्हणजे सीमेवर पाठवलेले खालच्या दर्जाचे लोक आणि म्हणूनच ते एवढे चिडलेले, सतत स्वतःला सिद्ध करायला बघणारे. त्या नजरेने जुने एपिसोड परत बघितले तर सपाट कपाळाचा प्रत्येक क्लिंगॉन मला वेगळा दिसायला लागला, त्याची दया यायला लागली.

मग १९९६ ला डीप स्पेस नाइन या मालिकेत वॉर्फ या क्लिंगॉनला थेट विचारतात आणि तो म्हणतो की आम्ही याबद्दल बाहेरच्यांशी बोलत नाही. मला तर ते उत्तर फार आवडलं, कारण एका वाक्यात कळलं की ही त्यांची दुखरी जागा आहे. आणि २००५ ला एंटरप्राइज या मालिकेत शेवटी पूर्ण खुलासा केला, जनुकांच्या प्रयोगातून निघालेला विषाणू वगैरे. चांगला केला, मेहनत घेऊन केला. पण मी तो एकदा पाहिला आणि परत जुने एपिसोड बघताना माझीच थिअरी मनात येते, विषाणू येत नाही. ती एवढी वर्षं माझ्याबरोबर होती ना.

आणि एक लक्षात घ्या, ही वाट दोन्हीकडून चालते. मूळ मालिकेतल्या सुलूचं पहिलं नाव हिकारू हे आधी १९८१ च्या एका कादंबरीत आलं, पडद्यावर ते १९९१ च्या सिनेमात उच्चारलं गेलं. तोपर्यंत दहा वर्षं ते अधिकृत नव्हतं, तरी चाहत्यांसाठी तो हिकारूच होता.

काटेकोर:
मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मनात काय ठेवायचं हा तुमचा प्रश्न, पण थिअरी म्हणून मांडायची तर ती पडद्यावरच्या गोष्टींना धरून पाहिजे. नाहीतर कुणीही काहीही म्हणेल. माझ्यासाठी दोन कसोट्या. पडद्यावर जे दिसलं पण समजलं नाही असं काहीतरी तिने समजावलं पाहिजे आणि ते करताना दुसरं काही मोडता कामा नये. मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या थडग्याचंच बघा ना, १९६६ च्या एपिसोडमध्ये दगडावर जेम्स आर कर्क लिहिलंय आणि पुढे त्याचं मधलं नाव टायबेरियस निघालं. थडगं कर्कच्याच एका जुन्या मित्राने तयार केलेलं असतं, त्यामुळे तो चुकला किंवा त्यांच्यातली काही जुनी गंमत होती असं म्हणता येतं आणि काहीच मोडत नाही. ही चांगली थिअरी.

तुमच्या थिअरीत मला अडचण दिसते ती हातांची. गायननने शक्ती घेतलीच नाही तर क्यूसमोर ती हात कशाच्या जोरावर उगारते? रिकाम्या हातांना क्यू घाबरणार नाही. याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

तह वगैरे भागाबद्दल मला एपिसोड परत बघून तारखा ताडायच्या आहेत, मग बोलतो.

निळी_पेटी:
मी डॉक्टर हूवाला (ती कालप्रवासाची दुसरी मालिका), पण राहवलं नाही. आमच्याकडे याचं फार सुंदर उदाहरण आहे.

१९६९ ला दुसऱ्या डॉक्टरला (नायकाचा चेहरा बदलत जातो, त्यातला हा दुसरा) त्याच्याच जमातीचे टाइम लॉर्ड पकडतात, चेहरा बदलून पृथ्वीवर हद्दपार करायची शिक्षा देतात. तोपर्यंत तो त्यांच्यापासून लपतछपत फिरत असतो. पण १९८५ च्या एका कथेत तोच दुसरा डॉक्टर परत दिसतो, केस पिकलेले, आणि चक्क टाइम लॉर्डांचं काम करायला निघालेला! कसं शक्य आहे? चाहत्यांनी मांडलं की शिक्षा सुनावली पण लगेच अंमलात आणली नाही, मधल्या काळात त्याला गुपचूप मोहिमांवर पाठवत राहिले. सहाव्या सीझननंतरचा न दिसलेला काळ म्हणून त्याला ६बी म्हणतात. आणि २००५ ला टेरन्स डिक्सने यावरच कादंबरी लिहिली. १९६९ ची ती कथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक तो! पडद्यावर त्यातलं काही आलेलं नाही, तरी माझ्यासाठी ते घडलेलंच आहे.

अर्धीव्हल्कन:
टेनफॉरवर्ड, तू संधीला नाही म्हटल्याचं लिहिलंस ते वाचून थांबले जरा. मला वाटतं थिअरी खरी की खोटी याच्या आधी ती कुणाला कशासाठी लागली हे बघावं.

१९६८ ची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलीने एका मासिकाकडे पत्र पाठवलं, थेट मूळ मालिकेतल्या स्पॉकच्या नावाने. तिची आई कृष्णवर्णीय, वडील गोरे, आणि ती दोन्हीकडे परकी. स्पॉकही अर्धा माणूस, अर्धा परग्रहावरचा व्हल्कन म्हणून तिला त्याच्याशी बोलावंसं वाटलं. स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉयने त्या पत्राला भलंमोठं उत्तर लिहिलं, मासिकात छापून आलं ते. स्पॉक लहान असताना इतर मुलं त्याला कशी आपल्यात घेत नव्हती आणि त्याने लोकांच्या पसंतीपेक्षा स्वतःची किंमत ओळखायचं कसं ठरवलं, हे त्याने त्यात सांगितलं. मालिकेत तोपर्यंत एवढंच आलं होतं की स्पॉकची आई म्हणते, लहानपणी मुलं याला त्रास द्यायची. बाकीचं निमॉयने त्या मुलीसाठी भरून काढलं. पाच वर्षांनी ॲनिमेटेड मालिकेत लहान स्पॉकला चिडवणारी मुलं प्रत्यक्ष दिसली. पण समज दिसली नसती तरी त्या मुलीला जे मिळायचं ते मिळालंच होतं ना.

डीप स्पेस नाइनमधल्या गॅरकचं पण तेच. अँड्र्यू रॉबिन्सन तो रोल करताना गॅरकची डायरी लिहायचा, त्याचं लहानपण, त्याची शाळा, सगळं, आणि चाहत्यांच्या संमेलनात वाचून दाखवायचा. त्यातूनच २००० साली त्याची कादंबरी आली. ज्याने सात वर्षं तो माणूस अंगावर वागवला त्यालासुद्धा पडद्यावर दिलेलं पुरलं नाही, मग आपल्याला कसं पुरेल?

मला हातांबद्दल पण बोलायचंय पण आधी काटेकोर यांचा हिशेब येऊ दे.

काटेकोर:
बघितलं सगळं परत. रात्रीचे दोन वाजलेत पण लिहूनच झोपतो.

टेनफॉरवर्ड, तुमची थिअरी मोडलेली नाही. मला स्वतःला आश्चर्य वाटलं.

हिशेब असा. 'क्यू हू' घडतो २३६५ मध्ये. क्यू म्हणतो संबंध दोन शतकांपूर्वीचा, म्हणजे साधारण २१६५. तरुण गायनन पिकार्डला बाटलीची गोष्ट सांगते ती २०२४ मध्ये (पिकार्ड काळात मागे गेलेला असतो), आणि तेव्हाच तह जुना झालेला आहे. २३६५ मधून २०२४ गेले की ३४१ वर्षं उरतात. साडेतीनशेच्या आसपास वर्षांना क्यू दोन शतकं कशाला म्हणेल? तह त्याहूनही आधीचा. म्हणजे तह ही एक गोष्ट आणि २१६५ च्या सुमाराला जे झालं ती दुसरी गोष्ट, आणि दुसऱ्या गोष्टीबद्दल आजपर्यंत कुणी एक अक्षर बोललेलं नाही. तुमची जागा जशी होती तशी रिकामी आहे.

उलट मला तर वाटतं नव्या सीझनने तुम्हाला मदतच केली. तह जमातीचा आहे पण बाटली गायननकडे आहे. मग क्यूला परत यायचं झालं तर तो कुणाकडे येणार?

बोर्गचं पण जुळतं. शंभर वर्षं म्हणजे २२६५ च्या आसपास, आणि १९९४ च्या सिनेमात एंटरप्राइज बी हे जहाज एल-ऑरियन निर्वासितांना वाचवतं ते २२९३ मध्ये, त्यात गायनन आहे. ऑफर, नकार, मग बोर्ग, मग निर्वासित. क्रम बरोबर.

हातांचा प्रश्न मात्र राहतोच.

जुनीकॅसेट:
काटेकोर, तुम्ही रात्री दोन वाजता दुसऱ्याची थिअरी वाचवायला एपिसोड परत बघितलेत. मनापासून आवडलं.

हातांबद्दल माझं मत, क्यूला भीती हातांची नाहीचे. 'डेजा क्यू' मध्ये क्यूची शक्ती जाते आणि तो सांगत असतो की मी आता साधा माणूस झालोय, तेव्हा गायनन येऊन त्याच्या हातात सरळ काटा खुपसते, खरंच दुखतं का बघायला. तिथे तिच्याकडे पण काही शक्ती नाही, फक्त काटा. आणि तिचा राग बघा त्या सीनमध्ये. दोन देशांच्या तहातून असा राग येत नाही, तो स्वतःचा असतो.

टेनफॉरवर्ड:
सकाळी उठून हे सगळं वाचलं आणि डोळ्यात पाणी आलं. काटेकोर, ३४१ चा हिशेब मी कधी केलाच नव्हता, एपिसोड बघितला आणि सरळ दुःख करत बसले. थँक्यू.

हातांबद्दल सुचलंय ते असं. क्यू ऑफर देतो तेव्हा काही क्षण शक्ती हातात येत असणार, रायकरला आली तशीच, घ्यायची की नाही हे ठरवायच्या आधी. गायननने ती हातात आलेली बघितली, आणि परत केली. ती हात वर करते ते हल्ला करायला नाही. ती त्याला आठवण करून देते की याच हातांनी तुझी वस्तू तुला परत दिली होती. तो मागे सरकतो ते त्या आठवणीने.

काटेकोर, बघा यात काही मोडतंय का. आणि अर्धीव्हल्कन, तुझं पण सांग, तू हातांबद्दल काहीतरी लिहिणार होतीस.

अर्धीव्हल्कन:
मी जवळजवळ हेच लिहिणार होते, फक्त माझ्यात तिने ती शक्ती एकदाच वापरली होती, कुणासाठी ते माहीत नाही. पण तुझं जास्त चांगलंय. आज रात्री 'क्यू हू' परत लावते आणि या वेळी तिच्या हातांकडेच बघते.