झिल्जियान हे नाव कोणाचं?

ठेकेदार:
परवा माझ्या सेकंडहँड झांजेवरचा (ड्रमसेटची झांज, भजनातली नव्हे) शिक्का पुसताना लेकाने विचारलं, "बाबा, झिल्जियान म्हणजे काय?" तुर्कीत झिल म्हणजे झांज, जी म्हणजे ती घडवणारा, आणि आर्मेनियन आडनावांतलं यान म्हणजे अमक्याचा वंशज. थोडक्यात, झांजवाल्याचा पोर! झिल्जियान ही झांजांची कंपनी सांगते की १६१८ साली इस्तंबूलचा अवेदिस सोनं करायला बसला आणि हाती लागला तांबं-कथलाचा खणखणीत मिश्रधातू. सुलतान दुसरा उस्मान खूश झाला, त्याने हे नाव बहाल केलं.

मग १९८१ मध्ये रॉबर्ट झिल्जियान भावापासून वेगळा झाला, तेव्हा त्याला स्वतःचंच आडनाव झांजेवर घालता येऊ नये? बिचाऱ्याने कॅनडात पोरांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जुळवली: सॅली, बिली, अँडी. झालं त्याच्या नव्या झांज-कंपनीचं नाव, सेबियन. हा अन्यायच.

कज्जेदलाल:
कसला अन्याय? घरच्या वाटणीत ठरलेली तडजोड होती ती. आडनाव दारावरच्या पाटीवर लावा की, कोण अडवतंय! मालावर एकच नाव दोघांनी ठोकलं तर गिऱ्हाइकाने काय करायचं? त्या घराण्याने हा घोळ आधीच भोगला होता. १९२९ पासून अवेदिस तिसऱ्याचा कारखाना अमेरिकेत, आणि तिकडे इस्तंबूलमध्ये घराण्याच्याच दुसऱ्या शाखेचा 'के. झिल्जियान' कारखाना चालूच. शेवटी १९६८ मध्ये अमेरिकेतल्यांनी 'के.'चेही हक्क विकत घेतले, तेव्हा कुठे मिटलं.

तांबटआळी:
तुम्ही दोघं वारसांवरून भांडताय. हातोडा कोणाच्या हातात होता? 'के.'च्या कारखान्यात मेहमेत आणि अगोप हे कारागीर पोरवयापासून शिकले. कारखाना बंद पडल्यावर हात तेच, ठोके तेच, पण नाव घालायची सोय नाही. म्हणून त्यांनी गावाचंच नाव घातलं, इस्तंबूल. सुलतानाने नाव दिलं ते कसबाला, रक्ताला नाही.

कज्जेदलाल:
आणि १९९६ मध्ये अगोप वारल्यावर काय झालं? इस्तंबूल अगोप वेगळं, इस्तंबूल मेहमेत वेगळं. कसबवाल्यांनीही नावाची वाटणीच केली ना?

तांबटआळी:
केली. पण 'इस्तंबूल' दोघांनीही ठेवलं, एकमेकांना तोडलं नाही.

ठेकेदार:
हे पटलं. माझ्या झांजेवर फिकट 'के.' दिसतोय, खाली 'मेड इन टर्की'. अजून थोडं घासून बघतो.

तांबटआळी:
अहो, घासू नका! शिक्का गेला तर विकताना निम्मे पैसेही येणार नाहीत.