मदत हवी आहे: पीएफआयच्या हप्त्यातलं व्याज आणि सेवाखर्च वेगळे कसे काढायचे?

ब्रिटनच्या पीएफआय (प्रायव्हेट फायनान्स इनिशिएटिव्ह) करारांवर लेख लिहितेय, म्हणजे खासगी कंपनीने पैसे उभारून रुग्णालयासारखे सरकारी प्रकल्प बांधायचे आणि सरकारने ते वर्षानुवर्षं हप्त्याने फेडायचे. १९९२ ला सुरू झालेली योजना २०१८ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी बंद झाली, जुन्या करारांचे हप्ते मात्र चालूच आहेत. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसच्या जानेवारी २०१८ च्या अहवालात सुमारे ६० अब्ज पौंडांचे प्रकल्प आणि पुढची देणी १९९ अब्ज, असं आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून थेट 'तिप्पट वसुली' म्हणणं मला पटत नाही. हप्त्यात देखभाल असते, कित्येकदा साफसफाईसुद्धा.

काय करून झालं: ट्रेझरीची (ब्रिटनच्या अर्थखात्याची) प्रकल्पवार यादी पाहिली, पण तिथे दर वर्षाची एकच एकत्रित रक्कम. एका रुग्णालयाच्या वार्षिक हिशेबाच्या टिपांमध्ये व्याज, मुद्दल, सेवा अशी फोड मिळाली, तीही त्या वर्षापुरतीच. माहिती अधिकारात करार मागवला. आला, पण आर्थिक मॉडेलचं परिशिष्ट पानंच्या पानं काळं केलेलं, कारण 'व्यावसायिक गोपनीयता'. जनतेच्या पैशातून तीस तीस वर्षं फेडायचं आणि व्याजदर जनतेलाच दिसू नये, हे मला फार खुपतं.

संपूर्ण करार मिळणार नाही हे धरूनच सांगा, आणि सशुल्क डेटाबेस नको. प्रकल्पासाठी काढलेल्या कंपनीचे ताळेबंद कंपनीज हाउसवर (ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाकडे) फुकट मिळतात; त्यावरून भागधारकांचा नफा आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम वेगळी काढता येते का? आणि सरकारी कर्जाशी तुलना करताना, २००३ पूर्वीच्या करारांना तेव्हाचा ६ टक्के सरकारी डिस्काउंट रेट (पुढच्या हप्त्यांची आजची किंमत काढायचा दर) लावायचा की नंतरचा ३.५?